फ्रिजमधला हरभरा

नानांनी फ्रिज उघडला आणि आतून स्वतःची पँट बाहेर काढली.

मग दुसरी पँट. मग बनियनची चवड, गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे खांब, एक जाडजूड गोधडी आणि भाजीच्या ट्रेमधून मोज्यांचे जोड. प्रत्येक वस्तू पलंगावर ठेवताना ते तिच्याकडे असे बघत होते, जणू इतके दिवस तीच वाटेत आडवी पडली होती.

"नाना, काय करून राहिलात?"

"डबा खाली करून राहिलो. हात लाव."

आमचा फ्रिज कित्येक वर्षं कपाट होता. आईनं भिशी लागल्यावर घेतलेला, मरून रंगाचा, एका दाराचा. तब्येत त्याची उत्तम होती, फक्त त्याला थांबता येत नव्हतं. आतला गारवा किती झाला हे ओळखणारा पार्ट बिघडला होता, त्यामुळे एकदा चालू केला की तो गार होतच राहायचा. दुधाचा दगड व्हायचा. एकदा त्यात ठेवलेलं टरबूज आम्ही हातोडीनं फोडून खाल्लं. दुरुस्तीवाला म्हणाला, विकून टाका. आई म्हणाली, "गार करतोय ना? मग त्याला नालायक कशाला म्हणता?" तिनं त्याची पिन काढली आणि आत कपडे लावले. आई गेली तरी ती व्यवस्था आम्ही मोडली नाही. एखादा पाहुणा गार पाण्यासाठी आपण होऊन दार उघडायचा, समोर नानांचे बनियन बघायचा, दार हळूच लावायचा आणि माठाकडे वळायचा.

"पण खाली कशाला?"

"हरभरा लावायचाय."

मी उजवा कान पुढे केला. माझा डावा कान लहानपणापासून फुटका. वाहून वाहून त्यानं ऐकण्याचं काम सोडून दिलं होतं, आणि त्यात कायम कापसाचा बोळा असायचा. त्यामुळे काही महत्त्वाचं कानावर आलं की मी चिमणीसारखी मान वाकडी करतो.

"काय लावायचाय?"

"हरभरा. तुझ्या ताईला पाहिजे."

बाहेर भुसावळचा वैशाख होता. आमच्याकडे वैशाखात उन्हातल्या मोटारसायकलवर एकदम बसतो तो बाहेरगावचा, असं समजतात. आणि हरभरा हे थंडीचं पीक.

"नाना, फ्रिजमध्ये हरभरा उगवत नाही."

"तू लावून पाहिलाय का?"

पाहिला नव्हता. मी गोधडी उचलली.

नाना, म्हणजे प्रभाकर भारंबे, मालगाडीचे गार्ड म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. गार्डचा डबा गाडीच्या अगदी शेपटाला. ड्रायव्हरला सगळं येताना दिसतं, गार्डला सगळं गेल्यावर दिसतं. त्यामुळे की काय, नाना बोलायचे फार कमी, आणि बोलायचे ते बहुधा सगळं होऊन गेल्यावर. असा माणूस आपण होऊन काहीतरी सुरू करतोय, हे दृश्य मी पहिल्यांदाच बघत होतो.

भानगड सुरू झाली होती आदल्या दुपारी, जेवताना.

योगिताताई आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आली ती बाळंतपणासाठीच. सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण आमच्या माहेरात बाईच नव्हती. एक निवृत्त गार्ड होते आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात कायमचा स्थायिक झालेला मी होतो. यावलच्या मालतीबाई, म्हणजे ताईच्या सासूबाई, तिला सोडायलाच तयार नव्हत्या.

"दोन बाप्यांच्या घरात बाळंतपण?" त्या म्हणाल्या होत्या. "पोरीला चारीठाव कोण घालणार? हा हेमराज? याला दूध उतू गेलेलं ऐकू येत नाही!"

दूध उतू जाताना आवाज होत नाही, हे मी सांगणार होतो, पण दाजींनी डोळ्यानंच थांबवलं. ताई हट्टाला पेटली. मला माझ्या आईच्या घरीच बाळंत व्हायचंय, म्हणाली. शेवटी मालतीबाईंनी अट घातली. महिन्याभरानं मी स्वतः येऊन बघीन. पोर खाती-पिती दिसली तर राहू द्या. नाही तर तशीच गाडीत घालून यावलला नेईन.

आणि ताई तर काहीच खात नव्हती. सातवा लागला तरी तिची मळमळ गेली नव्हती. माझी खिचडी, नानांच्या पोळ्या, डब्यावाल्या काकूंची भाजी, जे पोटात जाईल ते वर यायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त कमी आहे, वजन वाढत नाही. काहीही खाऊ दे, पण खाऊ दे.

आदल्या दुपारी ताई ताटावरून उठून मोरीकडे गेली, आली आणि भिंतीला डोकं टेकून बसली. नानांनी विचारलं, "काय खावंसं वाटतं? सांग."

डोळे मिटूनच ती म्हणाली, "हरभऱ्याच्या पाल्याचा घोळाणा."

घोळाणा म्हणजे कोवळा पाला, कांदा, दाण्याचा कूट, तिखट, मीठ आणि वरून कच्चं तेल. हरभऱ्याच्या पानांवर आंब असते, दवासारखी. अंगचाच आंबटपणा. पान जिभेवर ठेवलं की मेलेलं तोंड जागं होतं. फक्त ते पान थंडीत मिळतं.

मी हसलो. "त्यापेक्षा हिमालय माग."

नाना हसले नाहीत. त्यांच्या ताटात अर्धी भाकरी होती. उभ्या आयुष्यात ज्यांनी ताटात मिठाचा कण सोडला नाही, ते अर्धी भाकरी टाकून उठले.

डिप्लोमा माझा अपुरा होता, पण जेवढा होता तेवढा सगळा मी त्या फ्रिजमध्ये ओतला. अंडी उबवायच्या पेटीला लावतात ती एक डबी मिळते. तिला आकडा सांगायचा, तेवढा गारवा झाला की ती करंट तोडते आणि उकडायला लागलं की जोडते. फ्रिजला जे जन्मात जमलं नव्हतं, ते थांबणं आता ही डबी त्याच्यासाठी करणार होती. मेलेल्या कॉम्प्युटरमधला पंखा काढला, आत हवा खेळवायला. झाडं वाढवायची जांभळ्या उजेडाची पट्टी मागवली. राहिलं एकच, वायर आत न्यायला भोक.

"भिंतीत पाडायचं नाही," मी म्हणालो. "आतून गॅसच्या नळ्या गेल्यात. ड्रिल एकीला जरी लागलं तरी संपलं. परत तुमच्या पँटा."

"मग?"

"दारातून. दारात नळ्या नसतात."

"नक्की?"

"बहुतेक."

नानांनी माझ्या हातातून ड्रिल काढून घेतलं. "बहुतेकवर मी गाडी सोडत नाही."

त्यांनी दाराचं आतलं पांढरं पान स्क्रू काढून उघडलं, मागचा फोम बोटांनी चाचपला, पान परत बसवलं आणि ड्रिल मला दिलं. "नाहीत. पाड."

तेलाचे डबे आडवे कापून त्यात माती भरली. किराणातला हरभरा भिजवून पेरला. मग डबीचा आकडा लावायची वेळ आली.

"किती करू, नाना?"

"मार्गशीर्ष कर."

"यावर महिने नसतात. आकडे असतात."

"मग मार्गशीर्षाचा जो आकडा असेल तो कर. दुपारी मार्गशीर्षाची दुपार, पहाटे मार्गशीर्षाची पहाट."

मी अंदाजानं मार्गशीर्ष लावला. बाहेर डांबर वितळत होतं आणि आमच्या बैठकीतल्या एका कोपऱ्यात, मरून दाराआड, थंडी पडायला लागली.

मग नानांनी कायदा केला. फ्रिज उगीच उघडायचा नाही. हँडलला त्यांनी आपला जुना लाल झेंडा बांधला. पाणी घालायच्या वेळी ते शिट्टी वाजवायचे, लाल झेंडा सोडायचे, हिरवा दाखवायचे, मी दार उघडून काम उरकायचो आणि परत लाल. पहिल्या दिवशी हा प्रकार बघून ताई हसली. आल्यापासून पहिल्यांदाच. नानांनी ते बघितलं आणि उगाचच आणखी एक शिट्टी मारली.

हरभरा उगवला. माझा विश्वास बसला नाही म्हणून मी लाल सिग्नल तोडून परत दार उघडलं आणि नानांच्या शिव्या खाल्ल्या. आधी वाकलेले कोंब आले, मग ती नाजूक, कातरलेली पानं. मी जीव लावून त्यांचं करत होतो. मोबाइलवर एक गृहस्थ झाडांविषयी फार प्रेमानं बोलायचे. त्यांनी सांगितलं होतं की पानांवर रोज सकाळी बारीक फवारा मारा, पानं प्रसन्न राहतात. न्हाव्याकडे असते तशी बाटली आणून मी रोज सकाळी हरभऱ्याला हजामतीला बसवल्यासारखा ओला करायचो. पानं खरंच प्रसन्न दिसायची.

ताई मात्र वाळत चालली होती. पेज, टरबूज आणि ताक यांच्यावर दिवस काढत होती. मालतीबाईंचा रोज फोन यायचा.

"आज काय खाल्लं पोरीनं?"

"हरभरा येतोय," नाना सांगायचे.

त्यावर त्या फोन दाजींच्या हातात द्यायच्या.

महिना भरत आला त्या आठवड्यात एका संध्याकाळी दारात मोटारसायकल थांबली आणि हवालदार सोनवणे आत आले. समोरच्या घरातल्या कुणीतरी कळवलं होतं की भारंब्यांच्या खिडकीतून अधूनमधून जांभळा उजेड येतो, पोरगा घरात लपून काहीतरी पिकवतो आणि बाप शिट्टी वाजवून पहारा देतो. ऐकायला वाईट वाटत होतं, पण त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"फ्रिजमध्ये काय आहे?" हवालदारांनी विचारलं.

"हरभरा," मी म्हणालो.

त्यांनी रुमालानं मानेचा घाम पुसला. पलंगावरच्या कपड्यांकडे बघितलं. "आणि कपडे?"

"ते आधी फ्रिजमध्ये होते."

"कपडे फ्रिजमध्ये होते."

"हो."

"उघड, भो," ते म्हणाले.

नानांनी शिट्टी वाजवली. हवालदार दचकून सावधान उभे राहिले. लाल झेंडा सुटला, हिरवा हलला, दार उघडलं. जांभळा उजेड पडून हवालदार नाटकातल्या यमासारखे दिसायला लागले. ते वाकले, बराच वेळ बघत राहिले.

"दिसतो हरभऱ्यासारखा."

"हरभराच आहे."

"दिसायला तर माझा साडूही सज्जन आहे. मी शेतकऱ्याचा पोरगा. हरभरा डोळ्यानं नाही, जिभेनं ओळखतात." त्यांनी एक शेंडा खुडला. नानांचा हात नकळत पुढे झाला आणि तसाच राहिला. हवालदार चावत होते. आम्ही त्यांच्या जबड्याकडे बघत होतो.

"आंबट नाही," ते म्हणाले.

त्यांनी दुसरा शेंडा खाल्ला. "बिलकुल नाही. गवत लागतंय."

"साहेब, हरभराच आहे, आईशप्पथ!"

"मग आंब कुठं गेली?"

मी नानांकडे बघितलं, नानांनी पानांकडे. हवालदारांनी तोंड पुसलं. "रविवारी सकाळी येतो. आंबट लागला तर हरभरा. नाही लागला तर मुद्देमाल."

"कोणत्या कलमाखाली?" मी विचारलं.

"ते साहेब बघतील. तू पाला नीट ठेव. पळवायचा नाही."

रविवारीच मालतीबाई येणार होत्या.

हवालदार गेल्यावर ताईनं एक पान तोंडात टाकलं. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून तिनं ते बराच वेळ चावलं. "हेम्या, खरंच गवत आहे रे," ती म्हणाली आणि मोरीकडे गेली.

मी खुर्चीत बसलो. "नाना, संपलं. उद्या कैऱ्या आणू. चिंच आणू. आंबटच पाहिजे ना तिला?"

"नाही."

"अहो, पण यात आंबच नाही तर—"

"पाणी जातं कुठं?" नाना मध्येच म्हणाले.

"कोणतं पाणी?"

"तू रोज पानांवर मारतोस ते. चढलेला माल कुठंतरी उतरतोच. हे कुठं उतरतं?"

आम्ही फ्रिज भिंतीपासून ओढला. मागे, कॉम्प्रेसरच्या डोक्यावर, एक काळी ताटली असते. आतलं सांडपाणी नळीतून तिच्यात पडतं आणि मशीनच्या उष्णतेनं आटतं. ताटलीत तळाला थोडं पाणी होतं. मी त्यात बोट का बुडवलं आणि ते बोट जिभेवर का ठेवलं, याचं समाधानकारक कारण मी आजही देऊ शकत नाही.

माझा उजवा डोळा आपोआप मिटला.

नानांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनीही बोट बुडवलं. त्यांचे दोन्ही डोळे मिटले.

आमच्या हरभऱ्याची सगळी आंब त्या ताटलीत आटत बसली होती. हरभऱ्यावर एक पाऊस पडला की आंब धुऊन जाते, हे खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण रोज सकाळी बाटली घेऊन मी जे करत होतो त्याला पाऊस म्हणतात, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"हेच पाणी गाळून घोळाण्यावर शिंपडलं तर?" मी सुचवलं.

नानांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ताटली जागेवर ठेवली.

फवारा बंद. पाणी फक्त मातीला, तेही चमच्यानं. आता पानांना हव्या होत्या दोन-तीन थंड, कोरड्या रात्री. एक मिळाली. आणि शनिवारी दुपारी चौकातला ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून गेला. माझ्या डाव्या कानालाही तो ऐकू आला.

वायरमन वर बघून म्हणाला, "संध्याकाळ तरी होईल."

उन्हामुळे चिमण्यासुद्धा सावली धरून बसल्या होत्या. डबीवरचा आकडा तर विझलाच होता. मी फ्रिजला कान लावला, उजवा. आत मार्गशीर्ष संपत चालला होता. नाना पायात चपला घालत होते.

"कुठं?"

"बर्फाच्या कारखान्यात."

आम्ही सायकल घेतली. नानांच्या डोक्यावर ओला पंचा, माझ्या हातात पोतं. कारखान्यातून निघालो तेव्हा कॅरिअरवरची लादी गॅसच्या टाकीएवढी होती. आमच्यामागे रस्त्यावर पाण्याची सरळ रेघ उमटत होती आणि आम्ही वळून बघेपर्यंत वाळत होती. नाना हँडल धरून पुढे, मी मागून ढकलत. त्यांच्या मानेवरून घाम असा वाहत होता की आधी बर्फ संपेल की नाना, हे मला कळेना.

"नाना, सोडा आता," मी म्हणालो. "फ्रिज गार ठेवायला बर्फ नेणारं आपलं एकच घर असेल. मी ताईला विचारतो. कैरी चालेल तिला."

"विचारायचं नाही."

"का पण?"

नाना थांबले. श्वास लागला होता. "विचारून झालंय. तिनं सांगून झालंय. आता फक्त आणायचं राहिलंय." आणि पुन्हा चालायला लागले.

घरी पोचलो तेव्हा लादी पाटावरवंट्याच्या पाट्याएवढी उरली होती. शिट्टी न वाजवताच नानांनी दार उघडलं आणि ती वरच्या कप्प्यात सारली. नोकरीत आणि निवृत्तीत मिळून त्यांनी नियम मोडलेला मी तेवढाच पाहिला. दिवेलागणीला लाइट आली. डबी टिक करून जागी झाली.

रविवारी सकाळी यावलची गाडी आणि हवालदारांची मोटारसायकल एकाच वेळी दारात थांबली. मालतीबाई उतरल्या, त्यांनी वर्दी बघितली आणि दाजींकडे वळल्या. "किशोर, पोरीची पिशवी भर."

"विहीणबाई, बसा," नाना म्हणाले. "हे चव घ्यायला आलेत."

"पोलिस? चव घ्यायला?"

"ड्युटी आहे, मावशी," हवालदार म्हणाले.

शिट्टी झाली. लाल झेंडा सुटला, हिरवा हलला. मालतीबाईंनी पदर तोंडाला लावला. दार उघडलं तेव्हा गार वाफ बाहेर आली आणि आत सगळ्या पाल्यावर बारीक थेंब चमकत होते. मी फवारा मारलेला नव्हता.

हवालदारांनी शेंडा खुडला. तोंडात टाकला. चावला. आधी त्यांचा एक डोळा बारीक झाला, मग मिशा गोळा झाल्या, मग सगळा चेहराच नाकापाशी जमा झाला.

"आंबट?" मी विचारलं.

त्यांना बोलता येईना. "पौष आहे," शेवटी ते म्हणाले. "पौष!"

"मार्गशीर्ष," नानांनी दुरुस्त केलं.

सगळा पाला खुडला तर एक वाटीभर झाला. मालतीबाईंनी पदर खोचला. "सरका, बाप्यांनो. घोळाणा मी करते."

"नाही," नाना म्हणाले. "आजचा मी करणार."

त्यांनी कांदा चिरला. त्यांच्या हाताला इतका बारीक कांदा येतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. कूट, तिखट, मीठ, वरून तेल. कळण्याची, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची भाकरी काकूंनी डब्यात पाठवली होती. ताई भिंतीला टेकून बसली, आणि मालतीबाई, दाजी, नाना, मी आणि हवालदार सोनवणे असे पाच जण एका बाईला जेवताना बघायला लागलो. हवालदारांचा तपास खरं तर संपला होता, पण ते गेले नाहीत.

पहिला घास. दुसरा. ताईनं डोळे मिटले. आम्ही सगळ्यांनी मोरीच्या वाटेतून पाय काढून घेतले. तिनं डोळे उघडले आणि ताट पुढे केलं.

"अजून एक भाकरी आहे का?"

मालतीबाईंनी स्वतः वाढली. ताई ती खात असताना त्या शेजारी बसल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवत सहज म्हणाल्या, "बरं केलंत हो, भारंबेभाऊ. आणलंतच. डोहाळे राहिले की पोराचा कान फुटतो."

मालतीबाईंची नजर माझ्या कापसाच्या बोळ्यावर आली आणि चटकन दुसरीकडे गेली. मग दाजींची. मग हवालदारांनी बोळ्याकडे बघितलं, नानांकडे बघितलं आणि टोपी उचलली. "निघतो," ते म्हणाले. "केस मिटली."

मालतीबाई दाजींना म्हणाल्या, "गाडीतला डबा आण." त्यात डिंकाचे लाडू होते. म्हणजे त्या दोन्ही तयारीनं आल्या होत्या. निघताना ताईची पिशवी त्यांनी स्वतःच्या हातानं परत खुंटीला अडकवली.

ते गेल्यावर मी ताईच्या शेजारी बसलो, उजवा कान तिच्याकडे करून. "मालतीबाई काय म्हणाल्या?"

"जुनं काहीतरी असतं लोकांचं."

"ताई."

तिनं नाना आत आहेत ना, ते बघितलं. "तू पोटात होतास तेव्हा असाच वैशाख होता. आई रोज म्हणायची, हरभऱ्याचा पाला पाहिजे. मी लहान होते, पण हे आठवतं, कारण नाना हसले होते. रेल्वेच्या रनिंग रूममध्ये, गार्ड मुक्कामाला असतात तिथं, सगळ्या गार्डांना सांगितलं, बायकोला वैशाखात हरभरा पाहिजे. सगळे हसले. मग थंडीत पोतंभर आणला त्यांनी. तोवर तू मांडीवर होतास, कान वाहत होता. आईनं त्या पोत्याला हात लावला नाही."

"म्हणून तू मागितलास?"

"मी कुठं मागितला रे? मला कैरीसुद्धा चालली असती." ती ताटातला शेवटचा कांदा बोटानं गोळा करत होती. "त्या दिवशी नानांनी विचारलं ना, काय खावंसं वाटतं, सांग. ते याच भिंतीपाशी, आईला विचारलं होतं अगदी त्याच शब्दांत. माझ्या तोंडून आईचंच उत्तर निघालं. मी सावरणार, तेवढ्यात ते ताटावरून उठले. मग कसं म्हणू, की मला नकोय?"

"मग आज एवढा खाल्लास तो?"

"लागला ना पण छान!"

नाना स्वयंपाकघरातून आले. मला ओळखणारा प्रत्येक माणूस माझ्या उजवीकडे बसतो. नाना तर मी रांगायला लागल्यापासून उजवीकडूनच हाक मारत आले. त्या दिवशी ते आले आणि डावीकडे बसले. जवळ सरकले आणि काहीतरी बोलले. नानांच्या मानानं ते बरंच लांब होतं. मला फक्त कापसाला लागलेला त्यांचा श्वास कळला. समोर ताईचा हात ताटावर थांबला होता.

मी मान वळवली. "काय म्हणालात?"

"काही नाही. ताट घे."

त्यांच्या हातात वाटी होती. तळाशी घोळाणा होता, चमचाभर, वेगळा काढून ठेवलेला. तो त्यांनी माझ्या ताटात वाढला आणि वाटीही बोटानं पुसून घातली. "खा."

मी खाल्ला. डोळ्यांत पाणी यावं इतका आंबट होता.

कान काही बरा झाला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आता उशीर झाला. नाना काय म्हणाले, ते मी ताईला कधी विचारलं नाही. ते त्यांनी डाव्या कानाला सांगितलं होतं, त्यात उजव्यानं नाक खुपसायचं कारण नव्हतं. भाची आता शाळेत जाते. शेजारच्या खोलीत कुणी चॉकलेटचा कागद उलगडला तरी तिला ऐकू येतं.

फ्रिज परत कपाट झालाय. फक्त दर वर्षी आखाजी झाली, उन्हं तापली की एका सकाळी नाना त्याचं दार उघडतात आणि आपल्या पँटा काढून पलंगावर ठेवायला लागतात. मी कशाला म्हणून विचारत नाही. हात लावतो.